वाकड्या वातीचा इतिहास

इतिहासाचा मास्तर म्हणून मी एकतीस वर्षं नोकरी केली. या एकतीस वर्षांत मी पानिपत दरसाल एकदा हरलो, प्लासी दरसाल एकदा हरलो आणि नेपोलियनला वॉटर्लूवर बासष्ट वेळा पाडलं. (त्या इयत्तेच्या तुकड्या दोन होत्या.) तह केले, वखारी घातल्या, राजधान्या हलवल्या. पण ही सगळी थोर मंडळी सूर्य मावळल्यावर कुठल्या उजेडात बसत होती, हे मला एकाही विद्यार्थ्यानं विचारलं नाही. खरं सांगायचं तर मलाही कधी सुचलं नाही. सगळे तह काही दुपारच्या जेवणानंतर झाले नसणार. कुणीतरी कुठल्यातरी वातीपुढं डोळे बारीक करून सही केली असणार. पण क्रमिक पुस्तकात सहीची तारीख असते, वात नसते.

वात माझ्या आयुष्यात आली ती निवृत्तीनंतर, 2020 च्या एप्रिलात. टाळेबंदी लागून दहा दिवस झाले होते. 3 एप्रिलला, शुक्रवारी सकाळी, पंतप्रधानांनी सांगितलं की येत्या रविवारी, 5 तारखेला रात्री 9 वाजता घरातले दिवे बंद करून 9 मिनिटं पणत्या, मेणबत्त्या लावा. आता आमच्या घरात पणत्या होत्या, समई होती, निरांजन होतं. समंजस माणसाला नऊ मिनिटांकरता एवढं रग्गड झालं असतं. पण दहा दिवस घरात कोंडलेल्या नवऱ्याच्या समंजसपणाबद्दल काय बोलावं! मी जाहीर केलं, “मेणबत्ती लावायची. आणि ती मी घरी करणार.”

सौ. तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. “दुकानं बंद आहेत,” एवढंच म्हणाली.

“मेण आहे,” मी म्हणालो.

मेण खरंच होतं. लोडशेडिंगच्या काळातली मेणबत्त्यांची थोटकं आमच्या घरात श्रीखंडाच्या डब्यात साठवलेली होती. मध्यमवर्गीय माणूस थोटूक टाकत नाही. पेन्सिलीचं नाही, साबणाचं नाही आणि मेणबत्तीचंही नाही. नखाएवढी थोटकं, पण डबाभर. पातेल्यात पाणी, पाण्यात जुना डबा, डब्यात थोटकं, अशी माझी भट्टी पेटली. कान तुटलेले चार कप साच्याला मिळाले. सगळी तयारी झाली आणि मग लक्षात आलं की मेणबत्तीत मेणाशिवाय आणखी एक वस्तू असते. वितळलेल्या थोटकांतून निघाले ते वातींचे काळे, अर्ध्या बोटाएवढे, ठिसूळ तुकडे. गाठ मारावी तर मोडत होते.

तेव्हा मला कळलं की मेणबत्ती म्हणजे मेण नव्हे. मेण हे नुसतं सरपण. मेणबत्ती म्हणजे वात.

मग बदली वातीचा शोध सुरू झाला. पहिला मान सुतळीचा. सुतळी कपाच्या मधोमध अगरबत्तीच्या काडीला बांधून सोडली, मेण ओतलं, थंड होऊ दिलं आणि काडी लावली. सुतळी पेटली यात वाद नाही. पण ती अशी काही पेटली की तडतड आवाज, दोन बोटं ज्योत, आणि धान्याच्या गोदामाला आग लागल्यासारखा वास. खालच्या मजल्यावरच्यांनी खिडकीतून विचारलं, “सगळं ठीक ना?” मी म्हटलं, “प्रयोग चालू आहे.” त्यांनी खिडकी लावून घेतली.

दुसरी पाळी शिवणाच्या रिळाची. हल्ली रिळात सूत नसतं, दोऱ्याच्या वेषात प्लॅस्टिक असतं. काडी जवळ नेल्याबरोबर दोरा अंग चोरून मेणात बुडाला. बुटाच्या नाडीनं तर पेटण्याऐवजी ठिबकायला सुरुवात केली. तिसऱ्या प्रयोगाला मी लेंग्याची नाडी घेतली. ही मात्र अस्सल सुती, विणलेली, जाडजूड. तिनं निराश केलं नाही. पण तिची ज्योत पाहून मला रायगडावरच्या मशाली आठवल्या. छताला काळा डाग पडला, कप तापून तडकला, आणि सौ. स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, “नाडी कुणाची होती?”

“माझीच,” मी म्हणालो.

“मग ठीक आहे,” म्हणून ती आत गेली.

संध्याकाळी मी हताश होऊन पुस्तकांच्या कपाटाशी बसलो. इतिहासाच्या मास्तराला संकटात दुसरं काय सुचणार! आणि तिथं मला गिल्बर्ट व्हाइट भेटला. हा अठराव्या शतकातला इंग्रज पाद्री. सेल्बोर्न नावाच्या आपल्या खेड्यातले पक्षी, किडे, झाडं आणि माणसं न्याहाळत त्यानं आयुष्य घालवलं आणि मित्रांना पत्रं लिहिली. त्या पत्रांचं पुस्तक 1789 साली निघालं. त्यातलं 1775 सालचं एक पत्र बदली वातीबद्दलच आहे!

सेल्बोर्नच्या गरिबांना कापसाची वात परवडत नसे. मग ते ओढ्याकाठचं लव्हाळ्यासारखं एक पाणगवत उन्हाळ्यात कापून आणत. ते भिजवायचं, त्याची साल सोलायची, पण सगळी नाही. आतल्या भेंडासारख्या गराला आधार म्हणून सालीची एक बारीक पट्टी वरपासून खालपर्यंत राखायची. हे काम म्हाताऱ्या, पोरंसोरं करत आणि त्यात त्यांचा हात बसलेला असे. मग ती काडी वाळवून चरबीत बुडवून काढायची. चरबीला पैसा पडत नसे, कारण काटकसरी बायका डुकराचं मांस शिजवताना वर येणारा तवंग काढून ठेवत. व्हाइटसाहेबानं घड्याळ लावून बसून पाहिलं, तर सव्वादोन फुटांहून थोडी लांब काडी एक तासाला तीन मिनिटं कमी एवढी जळली. एक पौंड वाळलेल्या काड्या त्यानं मोजून घेतल्या, त्या सोळाशेच्या वर भरल्या. सगळा हिशेब करून तो सांगतो की गरीब कुटुंबाला पाव पेनीत साडेपाच तास उजेड मिळतो.

सोळाशे काड्या मोजणारा माणूस मला एकदम जवळचा वाटला. म्हणजे वातीला वात शोधणारा मी पहिला नव्हतो, आणि त्यापायी दुपार घालवणाराही पहिला नव्हतो.

त्याच काळाबद्दल आणखी एक गोष्ट आठवली, जी मी शाळेत कधी शिकवली नव्हती. इंग्लंडात 1709 साली मेणबत्त्यांवर कर बसला आणि परवान्याशिवाय घरी मेणबत्त्या करायला बंदी आली. हा कर उठला 1831 साली. म्हणजे एकशे बावीस वर्षं! सवलत होती ती फक्त या गवताच्या काडीला. घरच्यापुरती करा, स्वयंपाकघरातल्या चरबीत एकदाच बुडवा, सरकार काही म्हणणार नाही. दोनदा बुडवली तर ती मेणबत्ती! आमच्या मिठावरच्या कराची गोष्ट मी मुलांना मोठ्या आवेशानं सांगत आलो. पण याच इंग्रजांनी आपल्याच गरिबांच्या रात्रीवरसुद्धा कर बसवला होता, हे सांगायचं राहून गेलं. तेव्हाच्या इंग्लंडात असतो, तर चार कप आणि एक लेंग्याची नाडी एवढ्या मुद्देमालासह मला पकडला असता.

शनिवारी सकाळी मी नव्या उमेदीनं उठलो. आपल्याकडे पाणगवत नाही, पण कापूस आहे. आणि कापसाच्या वळलेल्या वाती तर तयार घरातच होत्या! देवघराच्या फळीवर मागच्या बाजूला एक पत्र्याचा डबा होता. त्यात आईनं वळलेल्या लांब वाती. सरकी काढून, कापूस हातानं पिंजून, बोटांना चिमूटभर राख लावून पाटावर वळलेल्या, सगळ्या एका मापाच्या. आई दुपारी डोळा लागेपर्यंत वाती वळायची. मग तिला कमी दिसायला लागलं, तरीही वळायची. वात वळायला डोळे कशाला लागतात, म्हणायची. 2017 च्या मार्गशीर्षात ती गेली.

मी डबा काढला आणि कामाला लागलो. एक वात घातली, ती मऊ पडून मेणातच निजली. दोन एकत्र पिळून घातल्या, त्या उभ्या राहिल्या, पेटल्या, आणि दहा मिनिटांत त्यांच्या शेंड्यावर काळ्या कोबीच्या गड्ड्यासारखी काजळी धरली. ज्योत हलायला लागली, धूर सुटला. तीन घातल्या. चार घातल्या. तेलात बुडवून घातल्या. दुपारी दोनपर्यंत सोळा वाती झाल्या आणि एकही मेणबत्ती धड झाली नाही.

सौ. पाणी प्यायला म्हणून आली. तिनं डबा पाहिला. मी शेंड्यावरच्या काजळीबद्दल तिला काहीतरी शास्त्रीय सांगत होतो. ती ऐकत नव्हती. तिनं डबा उचलला, पदरावर उपडा केला आणि वाती मोजल्या.

“बावीस,” ती म्हणाली. “अडतीस होत्या.”

“अगं, वाती काय, बाजारात...”

“दर वर्षी आईंच्या तिथीला दोन आणि दिवाळीच्या पाडव्याला दोन लावते मी. रोजच्या समईला विकतच्याच असतात. तुम्हाला माहीत नसेल.” तिनं वाती परत एकेक करून डब्यात ठेवल्या. “चार वर्षांच्या जाळल्यात तुम्ही.”

एवढं बोलून ती गेली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. रागावलेल्या बायकोला कसं तोंड द्यायचं हे चाळीस वर्षांत मी शिकलो आहे. पण तिनं डबा फळीवर जागच्या जागी ठेवला आणि संध्याकाळचा चहासुद्धा वेळेवर दिला.

बासष्ट वेळा वॉटर्लू शिकवून जे कळलं नाही, ते त्या चहाच्या कपापाशी कळलं. हरणं म्हणजे काय ते.

निदान त्या सोळा वाती का फुकट गेल्या, एवढं तरी समजून घ्यावं म्हणून मी पुन्हा पुस्तकं काढली. आणि असं दिसलं की माझ्या चार कपांत जे झालं, ते युरोपातल्या घराघरांत शेकडो वर्षं रोज रात्री होत होतं.

श्रीमंतांच्या आणि चर्चच्या मेणबत्त्या मधमाश्यांच्या मेणाच्या. बाकीच्यांच्या गुरामेंढरांच्या चरबीच्या. आत कापसाची पिळलेली वात. ही पिळलेली वात ज्योतीच्या मधोमध सरळ उभी राहते, आणि ज्योतीच्या पोटात हवा पोचत नाही. म्हणून शेंडा जळून राख होत नाही, नुसता काळा पडून वाढत राहतो. जुन्या मराठीत वातीच्या त्या जळक्या शेंड्याला ‘गुल’ म्हणतात. तो वेळच्या वेळी कापला नाही तर उजेड उतरतो, धूर होतो, चरबी एका अंगानं ओघळते. रम्फर्ड नावाच्या शास्त्रज्ञानं हे मोजून पाहिलं. नुकती गुल कापलेल्या चरबीच्या मेणबत्तीचा उजेड शंभर धरला, तर अकरा मिनिटांत तो एकोणचाळीसवर येतो आणि अर्ध्या तासात सोळावर!

म्हणजे वाचायला बसलेल्या माणसानं दर पाच-दहा मिनिटांनी पुस्तक खाली ठेवून कात्री हातात घ्यायची. त्यासाठी डबी लावलेली खास कात्री मिळे, कापलेली गुल त्या डबीत पडे. श्रीमंतांकडे ती चांदीची असे. नाटकगृहात तर या कामाला माणूसच नेमलेला असे. राजा मरतो आहे, राणी टाहो फोडते आहे, आणि हा गृहस्थ हातात कात्री घेऊन रंगमंचावर येणार, गुल कापणार आणि जाणार. आपल्याकडे बिडीवाला प्रेक्षक उठून गेला तर नटाचा रसभंग होतो. त्या नटांचं काय होत असेल!

आपल्या शाकुंतलाची थोरवी गाणारा तो जर्मन महाकवी गटे. त्यानंसुद्धा, वात कापावी न लागणारा दिवा निघाला तर याहून चांगला शोध तो काय, अशा अर्थाच्या दोन ओळी लिहून ठेवल्या आहेत. कवीच्या किती ओळी त्या कात्रीपायी वाहून गेल्या असतील कोण जाणे.

मग शास्त्रज्ञ पुढं आले. पण तेही माझ्यासारखेच आधी मेणाच्या मागं लागले. फ्रान्समधल्या शेव्हरल नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं चरबीचं पोट फाडून पाहिलं आणि तिच्यातलं ग्लिसरीन वेगळं केलं. मागं राहिलेल्या आम्लांतून स्टिअरिक आम्लाचा पांढरा, टणक, दुर्गंधी नसलेला पदार्थ मिळाला. 1825 साली त्यानं गे-लुसाक या दुसऱ्या शास्त्रज्ञाबरोबर त्याच्या मेणबत्त्यांचं पेटंट घेतलं. (हा शेव्हरल एकशे दोन वर्षं जगला. उजेडाच्या धंद्यात असल्यामुळे अंधार त्याच्याकडे यायला उशीर झाला असावा.) मेण तर सुधारलं. पण आत वात जुनीच राहिली असती, तर कात्री सुटली नसती.

ती सुटली काम्बासेरेस नावाच्या एका फ्रेंच इंजिनिअरमुळे. त्याच 1825 च्या सुमारास त्यानं वात पिळायची सोडून विणायला घेतली. तीन पेडांची वेणी. बस्स! एवढाच शोध. त्यात यंत्र नाही, वाफ नाही, वीज नाही. जगातली प्रत्येक आई मुलीच्या केसांचं रोज सकाळी जे करते, ते या गृहस्थानं सुताचं केलं.

पण त्या वेणीत खुबी होती. विणलेल्या वातीला एका अंगानं ताण राहतो. म्हणून जळता जळता तिचा शेंडा सरळ उभा न राहता एका बाजूला वाकतो, आणि वाकला की ज्योतीच्या कडेला येतो. कडेला काय असतं? हवा असते आणि सगळ्यांत जास्त आच असते. तिथं शेंडा जळून राख होतो. मेण जेवढं खाली जातं, तेवढी वात वरून आपोआप संपते. कात्री नको, माणूस नको. पुढं 1830 च्या दशकात द मिली या फ्रेंच कारखानदारानं वात बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्यात भिजवण्याची युक्ती रूढ केली. त्यानं उरलीसुरली राख वितळून मण्यासारखी गळून पडते. चांदीच्या कात्र्या हळूहळू जुन्या वस्तूंच्या दुकानात गेल्या.

आणि हे सगळं मुलांना समजावून सांगितलं ते मायकेल फॅरडेनं. लोहाराचा मुलगा, बुकबाइंडराकडे उमेदवारी केलेला. 1860 च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यानं शाळकरी पोरांसमोर मेणबत्ती या एकाच विषयावर सहा व्याख्यानं दिली. मिठाचा खांब बशीत उभा केला, बशीत निळं केलेलं मिठाचं पाणी ओतलं, आणि ते निळं पाणी खांबावर आपोआप कसं चढतं ते दाखवलं. म्हणाला, वातीत मेण असंच चढतं. वातीचं काम जळायचं नाही, पाणक्याचं आहे. खालचं वितळलेलं मेण वर पोचवायचं, त्याची वाफ जळते. पाणक्या फार दांडगा असला तर मेण जास्त येतं, ज्योत भडकते, धूर होतो. ही झाली माझी नाडी. पाणक्या अशक्त असला तर बिचारा मेणाच्या तळ्यातच बुडतो. हे झालं आईच्या एका वातीचं. वात चांगली की वाईट असं नसतंच. ती कशात उभी आहे, ते महत्त्वाचं.

सूत नरम पडतं म्हणून पुढच्या काळात कपातल्या मेणबत्त्यांसाठी वातीच्या पोटात धातूची तार घालू लागले. त्यात शिशाची तारही आली. शिसं जळून घरातल्या हवेत मिसळतं, हे ध्यानात आल्यावर 2003 साली अमेरिकेनं शिशाच्या तारेच्या वातींवर बंदी घातली. वाकायची तर वाकू द्यावी वातीला. ताठ करायच्या नादात विष पोटात घेण्यात काय शहाणपण!

रात्री अकरा वाजता मला आईची वात समजली. समईची वात तेलात आडवी पडलेली असते. शेंडा कडेला, बाहेर, हवेत. तिथंही गुल धरतेच. पण तिथं कुणीतरी असतं. येता-जाता काडीनं गुल झटकणारं, वात अर्धा गहू पुढं सारणारं, तेल बघणारं. आईच्या वातीत काही उणं नव्हतं. ती अशा दिव्यासाठी वळलेली होती, ज्याच्याजवळ माणूस बसतं. काम्बासेरेसनं वेणी घातली ती ज्या दिव्याजवळ कुणी बसणार नाही, त्याच्यासाठी. मी एकाची वात दुसऱ्यात घालत होतो.

हे मी अंधारात सौ.ला सांगितलं. ती जागी होती. थोड्या वेळानं म्हणाली, “पुड्याच्या दोऱ्याचा गुंडा आहे बघा, शिलाईच्या डब्यात. तो सुती असतो.”

रविवारी सकाळी गुंडा निघाला. फुलपुडीचे, मिठाईच्या पुड्याचे, वाण्याकडच्या पुड्यांचे दोरे गाठी मारमारून गुंडाळलेले. त्या गुंड्याच्या पोटाशी तर वाणी पुड्या बांधत असे त्या काळातले दोरे असतील. कॅरमच्या बोर्डावरची बोरिक पावडर मुलगी सासरी गेल्यापासून पडून होती. ती गरम पाण्यात चिमूटभर मिठाबरोबर विरघळवली, दोरा तासभर भिजवला आणि गच्चीच्या उन्हात टाकला. एप्रिलचं ऊन, दुपारपर्यंत कडकडीत वाळला. मग सौ. बसली. दोऱ्याचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं आणि तीन पेड हातात घेतले. मुलीच्या दोन वेण्या तिनं दहावीपर्यंत घातल्या. त्यानंतर मुलीनं केस कापले आणि पुढं परदेशी गेली. बोटं मात्र काही विसरली नव्हती. वीतभर वेणी बघता बघता झाली. मी म्हटलं, “घट्ट घाल.” ती म्हणाली, “मला शिकवू नका.”

संध्याकाळी मेण ओतलं. नऊ वाजता दिवे गेले. मी सज्जात कप ठेवून काडी लावली. ज्योत आधी एवढीशी झाली, आता विझते की काय असं वाटलं, मग सावरली. तीनचार मिनिटांत वातीचा शेंडा हळूच एका अंगाला वाकला आणि त्याच्या टोकाला तांबूस ठिणगी दिसायला लागली. एकोणिसाव्या शतकातला तो फ्रेंच इंजिनिअर आमच्या सज्जात येऊन उभा राहिल्यासारखं मला झालं. समोरच्या इमारतीत पणत्या होत्या, मोबाइलचे दिवे होते. पण घरच्या वेणीची मेणबत्ती सबंध आळीत एकच होती. नऊ मिनिटं संपली, दिवे आले, तरी ती जळत होती. न धूर, न काजळी, न कात्री.

मी मोठ्या अभिमानानं वळून पाहिलं तर सौ. तिथं नव्हती. ती देवघरात समईपाशी होती. हातातल्या काडीनं वात किंचित पुढं सारली आणि बोट पदराला पुसलं.

त्याला आता काही वर्षं झाली. दुसऱ्याच दिवशी मी तिच्याकडे कापूस मागितला होता. पाट घेतला, बोटाला राख लावली आणि वाती वळायला बसलो. चार वर्षांच्या जाळल्या होत्या, तेवढ्या भरून द्याव्यात, असा साधा हिशेब. वात वळणं सोपं असेल असं मला वाटलं होतं. पहिली मध्ये जाड, कडेला बारीक झाली, म्हणजे उंदीर गिळलेल्या सापासारखी. दुसरीचे दोन तुकडे झाले. सोळा पुऱ्या व्हायला आठवडा लागला. त्यांतली एकही सरळ नव्हती.

मी त्या डब्यात ठेवायला गेलो तेव्हा सौ.नं हात धरला. आईच्या वाती एका बाजूला सारल्या, मध्ये कागदाची पट्टी घातली आणि माझ्या सोळा पलीकडे ठेवल्या. एक मात्र बाहेर ठेवली. संध्याकाळी समईत विकतच्या एका वातीबरोबर ती जोडीनं लावली आणि जरा वेळ बघत बसली.

“जळते,” ती म्हणाली. “पण गुल फार धरते. सारखं कुणीतरी बसायला लागेल हिच्याजवळ.”

मी पाट ओढला आणि बसलो.